पाचवी सवाष्ण

सातवी 'ब'च्या वर्गात प्रगती त्या दिवशी निबंध तपासत होती. विषय साधा होता, आमच्या गावचा बाजार. मुलांनी नेहमीप्रमाणे गाइडमधून उतरवून आणला होता. प्रत्येकाच्या बाजारात तीच लालबुंद टोमॅटोंची रास होती आणि तोच म्हातारा फुगेवाला उभा होता.

"हा फुगेवाला कुणी बघितलाय?" तिने विचारले.

एकही हात वर झाला नाही.

"मग लिहिलात कशाला? डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. पान भरलं नाही तरी चालेल."

"आन् मार्क, मॅडम?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले. वर्ग हसला. प्रगतीही हसली. आप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदाच वर्गात हसली असेल.

तेवढ्यात शिपाई दारात आला. मोठ्या सरांनी बोलावले होते, तास सोडून. तास कधी बुडू न देणारे मुख्याध्यापक संभाजीराव तास सोडून या म्हणतात, तेव्हा कशाबद्दल, हे तिला विचारावे लागले नाही. सकाळपासून ती बघत होती. तिच्या पोस्टवरचे शाळेतल्या सहकाऱ्यांचे लाइक एकेक करून नाहीसे होत होते.

सरांनी पंखा कमी केला, दार लोटून घेतले आणि आपला मोबाइल टेबलावर सरकवला. "हे तुमचंच ना, मॅडम?"

तिचेच होते. आप्पांचा दहावा झाला त्या रात्री लिहिलेले.

आप्पांची नरसिंहपूरला पिठाची गिरणी होती. फाल्गुनात एका दुपारी गहू दळता दळताच ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. दहावा नीरा-भीमेच्या संगमावर झाला. हल्ली दहाव्याला माईक लागतो आणि श्रद्धांजलीची भाषणे होतात. ज्यांनी मेलेल्या माणसाला कधी पाहिलेले नसते, तेही त्याच्याविषयी बोलतात. प्रगती शिकवायची त्या संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब बारामतीहून मुद्दाम आले होते. निवडणूक तोंडावर होती आणि सकाळपासून त्यांचा तो तिसरा दहावा होता.

प्रगतीने लिहिले होते ते एवढेच:

'आज संगमावर आमच्या आप्पांचा दहावा झाला. माईकवरून स्त्रीच्या सन्मानाचं भाषण चालू होतं. त्याच वेळी मागं चिंचेखाली माझ्या आईच्या बांगड्या दगडानं फोडल्या आणि कुंकू पुसलं. भाषण चिंचेपर्यंत ऐकू येत होतं. बांगड्यांचा आवाज माईकपर्यंत पोचला नाही. पोचला असता तरी भाषण थांबलं असतं का, मला ठाऊक नाही.'

तिने कुणाचे नाव घेतले नव्हते. पण भाषण कोणाचे होते हे तालुक्याला ठाऊक होते, आणि ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना विरोधकांनी नानासाहेबांचा फोटो जोडून कळवले होते.

"यात खोटं काय आहे, सर?"

"खोटं आहे असं मी म्हणालो का?" सर थकलेल्या आवाजात म्हणाले. "खोटं असतं तर सोपं होतं. खुलासा मागितला असता, तुम्ही दिला असता, विषय संपला असता. माझ्या आईच्याही फोडल्या होत्या, मॅडम. पण मी संस्थेच्या पगारावर आहे, आणि तुम्ही तर अजून कायमही नाही. दर वर्षी निकालानंतर तुमची जूनची ऑर्डर नव्यानं निघते."

"मग मी काय करू?"

"पोस्ट काढा. आणि एक छोटा व्हिडिओ. तुमचा नाही, तुमच्या मातोश्रींचा."

प्रगतीला वाटले आपण चुकीचे ऐकले. "आईचा?"

"जे झालं ते माझ्या इच्छेनं झालं, मुलीनं दुःखाच्या भरात लिहिलं, एवढं त्यांनी म्हणायचं. दोन वाक्यं. मजकूर मी पाठवतो. रविवारपर्यंत आला तर नाना शांत होतील." सरांनी मोबाइल परत ओढून घेतला. "तुमच्या भल्याचंच सांगतोय."

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या समिना मॅडम तिच्याजवळ डबा घेऊन बसल्या. दोघी रोज एकत्र जेवत. आज समिनाने डबा उघडला, पण प्रगतीकडून व्हिडिओचे ऐकल्यावर त्याला हात लावला नाही.

"मी माझा लाइक काढलाय," ती हळू म्हणाली. "राग मानू नकोस."

"कळतंय मला."

"तुला सगळं नाही कळायचं. तुला व्हिडिओ मागितला म्हणजे तुला ठेवायची इच्छा आहे. मी असलं काही लिहिलं असतं तर मला व्हिडिओसुद्धा मागितला नसता." मग तिने प्रगतीच्या डब्यातला भाकरीचा तुकडा मोडून घेतला. "चटणी मात्र झकास आहे. आईनं दिली?"

"आप्पांनी कांडलेली. शेवटची."

समिनाने तो तुकडा सावकाश खाल्ला.

संध्याकाळी जळोचीच्या घरी योगीराजने सगळे ऐकून घेतले. तिचा नवरा भांडखोर नव्हता. एमआयडीसीतल्या कंपनीत तो सुपरवायझर होता आणि नोकरी कशी टिकवतात हे त्याला चांगले माहीत होते.

"काढून टाक ना," तो म्हणाला. "आमच्याकडे तर रुजू होतानाच लिहून घेतात, कंपनीची बदनामी होईल असं कुठं काही टाकणार नाही म्हणून. तू लिहिलंस, तुझं मन मोकळं झालं. आता त्या पोस्टनं होणार काय? बांगड्या परत जुळणारेत का?"

"आणि आईचा व्हिडिओ?"

"आईंना विचार. त्या नाही म्हणायच्या नाहीत."

हेच तर भय होते. आई नाही म्हणणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. प्रयागबाई ही आप्पांची थोरली बहीण, नरसिंहपुरातच दिलेली. आईच्या बांगड्या तिनेच फोडल्या होत्या. नव्या विधवेच्या बांगड्या जुन्या विधवेने फोडायच्या, अशी रीत.

"प्रगते, लई शिकलीस गं तू," आत्याने सुरुवात केली. "नानासायबाला कोन काय म्हनत न्हाय. त्यो गाडीत बसून गेला. दगुड माझ्या हातात हुता. हितं पोरीसोरी मला बघून त्वांडाला पदर लावत्यात. म्हनं फेसबुकवाली आत्या आली."

"आत्या, मी तुमचं—"

"माझ्या फोडल्या तवा पोरगं अंगावर पीत हुतं. तवा कोन लिवाया आलं न्हाय ते." आणि फोन बंद झाला.

प्रगतीच्या मनाला हा घाव सगळ्यांत खोल लागला. तिने माईकवर बोट दाखवले होते आणि लोकांनी ते बोट चिंचेखालच्या म्हातारीकडे वळवले होते.

रविवारी ती नरसिंहपूरला गेली. गिरणी चालू होती. आईने तेरावा होताच पट्टा चढवला होता. गिरणी तिच्या हाताखालची, लग्न होऊन आल्यापासूनची. ज्वारी, गहू, बाजरी येत होते. लग्नसराई तोंडावर असून हळद मात्र येत नव्हती.

गावात लग्नाची हळद दळायची एक रीत होती. हळकुंडांची पहिली मूठ पाच सवाष्णींनी कांडप यंत्रात टाकायची. गावातल्या बाया चौघीच यायच्या. पाचवी कोण, असे घरी कुणी विचारले तर सांगायच्या, "पाचवी गिरणीतच हाय की." ती पाचवी म्हणजे शालन, प्रगतीची आई. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गावातली किती लग्ने तिच्या मुठीने सुरू झाली, त्याला गणती नव्हती. आता ती मूठ कुणालाच नको होती. हळद बसस्टँडजवळच्या नव्या गिरणीत जाऊ लागली.

"मघाशी रंगूबाई गेली पलीकडनं," आई म्हणाली. तिच्या भुवयांवर पीठ होते, कपाळ मोकळे होते. "पिशवी पदराखाली धरली हुती. मला दिसू नये म्हनून. हळदीचा वास कुठं पदराखाली ऱ्हातो का? म्या बी मान खाली घातली. तिला तरी कशाला अवघडल्यागत?"

"तुला वाईट नाही वाटलं?"

"आपुन वंगाळ न्हाय, बाळा. पर दुसऱ्याच्या शुभकार्यात आडवं कशाला यायचं?"

प्रगतीने व्हिडिओचे सांगितले. अर्धेच सांगून झाले होते, तोवर आई हात धुऊन आली.

"दाव काय म्हनायचं ते."

"आई, तू विचार तर कर."

"इचार काय करायचा? तुझी नोकरी हाय." आईने मोबाइलवरचा मजकूर ओठ हलवत दोनदा वाचला, पदर नीट केला आणि पोत्यावर बसली. "कुठं बघू?"

"इथं. माझ्याकडं."

"मी श्रीमती शालन," आई बोलू लागली, आणि प्रगती थक्क झाली. जी बाई पाहुण्यांसमोर चार शब्द बोलताना अडखळायची, ती एका दमात, शुद्ध, न थांबता बोलत होती. "माझ्या पतीच्या दशक्रिया विधीत जे झालं ते माझ्या इच्छेनं झालं. माझ्यावर कुणीही जबरदस्ती केली नाही. मुलीनं दुःखाच्या भरात लिहिलं. आमच्या मनात नानासाहेबांबद्दल आदर आहे."

हा आवाज प्रगतीच्या ओळखीचा होता. मला भूक न्हाय, तुमी खावा. मला कशाला नवं लुगडं, हाय ते बरं हाय. याच आवाजात आई आयुष्यभर बोलत आली होती. तिला पाठांतराची गरजच नव्हती.

प्रगतीने व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. आईचे तोंड सांगितलेले बोलत होते. खाली मांडीवर तिचा उजवा हात डाव्या मनगटावर फिरत होता. बांगड्या मागे सारतात तसा, पीठ लागू नये म्हणून. मनगटावर काही नव्हते. दगडाने उठलेला ओरखडा तेवढा होता, खपली धरलेला. बोटे त्याच्यावरून जात होती आणि परत येत होती.

"पाठीवलास?" आईने विचारले.

"नाही."

"नीट न्हाय झालं? परत म्हनते."

"नीटच झालंय, आई."

तिने व्हिडिओ पुसून टाकला. आईला ते कळायला क्षण लागला, आणि मग ती चिडली. प्रगतीने तिला असे चिडलेले कधी पाहिले नव्हते.

"येडी का खुळी तू? तुझ्या बापानं रोज पिठात न्हाऊन तुला बीएड केली. बांगड्या माझ्या गेल्या. नोकरी तुझी कशापायी जायाची? मी खोटं बोलले तर माझं काय झिजतंय? आजवर झिजलं का?"

प्रगती गिरणीच्या बाहेर गेली आणि तिने सरांना फोन लावला.

"सर, व्हिडिओ मिळणार नाही. आणि पोस्ट आहे तिथंच राहील."

"मॅडम, मी तुम्हाला वाचवायचा प्रयत्न केला," सर म्हणाले.

"हो, सर. मला माहीत आहे."

तिला कुणी काढले नाही. काढण्यासाठी कारण लिहावे लागते. परीक्षा संपल्या, निकाल लागले, पुढच्या वर्षाच्या ऑर्डर निघाल्या आणि तिची निघाली नाही. सातवी 'ब'च्या वह्या तिने तपासून परत दिल्या होत्या. एका मुलाने बाजारावर चारच ओळी लिहिल्या होत्या, पण त्यात त्याची आजी मेथीची जुडी सोडून आत सडका पाला आहे का ते बघत होती. त्याला तिने पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

मग सुरू झाले दुसरीकडे विचारणे. इंदापूरच्या एका शाळेत तिच्या नमुना पाठाचे कौतुक झाले, चहा आला, आणि चहाबरोबर प्रश्न आला, "त्या दहाव्याच्या पोस्टवाल्या तुम्हीच ना?" आमची संस्था लहान आहे, आम्हाला वाद परवडत नाहीत, असे सांगून त्यांनी तिला फाटकापर्यंत सोडले. मग ती नानासाहेबांच्या विरोधकांच्या शाळेत गेली. तिची पोस्ट गावोगाव पोचवली होती ती यांनीच.

"लिहिलंत झकास," तिथले सचिव मनापासून म्हणाले. "आमच्या कार्यकर्त्यांनी डोक्यावर घेतलं. पण नोकरीचं म्हणाल, तर आज त्यांच्याबद्दल लिहिलंत, उद्या आमच्याबद्दल लिहाल."

घरी योगीराज काही बोलत नसे. भांडला असता तर बरे झाले असते. तो फक्त जेवताना विचारी, "काही कळलं का?" आणि तिने मान हलवली की टीव्हीचा आवाज थोडा वाढवी. शेवटी त्यानेच ओळखीने एक जागा काढली. कोऱ्हाळे बुद्रुकजवळची नवी शाळा, सोमवारी भेटायला बोलावले होते. अट एकच. तोवर जुनी पोस्ट दिसता कामा नये आणि नवे काही लिहायचे नाही.

"या वेळी तरी," योगीराज म्हणाला. त्यात राग नव्हता, काकुळत होती. प्रगती हो म्हणाली. सोमवारी सकाळी पोस्ट काढायची, असे तिने ठरवले. महिनाभर दारोदार फिरल्यावर माणसाचा ताठा ऊन लागलेल्या मेणासारखा होतो.

त्या आधीच्या शनिवारी ती आईला मदत करायला गिरणीत आली होती. उन्हाचा कडाका होता, गिऱ्हाईक नव्हते. आई जाळी झाडत होती. दारात सावली पडली. प्रयागआत्या उभी होती, डोक्यावर पदर आणि काखेत फडक्याचे गाठोडे. फोन झाल्यापासून तिने इकडे पाऊल टाकले नव्हते.

"या वन्सं," आई गडबडली. "बसा. प्रगते, पानी दे."

"बसाया न्हाय आले." आत्याने गाठोडे यंत्राशेजारी ठेवले. गाठ सैल झाली. आत हळकुंडे होती. "संस्कृतीची हळद परवा हाय. दळाया आनलीय."

संस्कृती आत्याची नात. आई दोन पावले मागे सरली, एखादी पेटलेली वस्तू पुढ्यात ठेवल्यासारखी.

"वन्सं, ष्टँडवरच्या गिरनीत जावा. हितं नगं. उद्या पोरीच्या संसाराला काय उनंदुनं झालं तर माझ्या माथी यील."

"यिऊ दे. निम्मं माझ्या माथी घेते."

"आन् चौघी कुठायत?"

"कोन न्हाय. तू हायस आन् मी हाय."

आत्या पोत्यावर टेकली.

"माझ्या लेकाच्या हळदीला मला धान्याच्या कनगीमागं बसीवलं हुतं," ती म्हणाली. "वाजंत्री वाजत हुती. म्या तितनं हाताच्या वासावरनं वळखायची, कोन कोन हळद लावून आत आलं ते. संस्कृतीला ही गोष्ट म्या कवातरी सांगितली आसंल. परवा ती म्हनाली, आजी, माझी हळद तू दळून आन, न्हायतर मी लावून घ्यायची न्हाय. मंग तिनं तुझं ते लिव्हल्यालं मला वाचून दावलं." तिने प्रगतीकडे पाहिले. "मला वाटलं हुतं माझं नाव टाकलंस. न्हाय टाकलंस तू."

"तुम्ही काय हौसेनं दगड घेतला होता का, आत्या?"

"हौस कसली. पर घेतला म्याच. हिचा हात थरथरत हुता आन् म्या दाबून धरला." आत्याने आईचे मनगट हातात घेतले, ओरखड्याच्या जागी अंगठा ठेवला. आता तिथे फिकट रेघ होती. "शालन, मूठ भर."

आईने प्रगतीकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, मग बटण दाबले. यंत्र धडधडले. दोघींनी एकदमच मूठ टाकली. पिवळी धूळ उडाली आणि दोघींच्या मोकळ्या कपाळांवर, पांढऱ्या केसांवर बसली. कुणीच ती पुसली नाही. आई रडत होती की धुळीने डोळे चुरचुरत होते, ते सांगता आले नसते. आत्या मात्र हसत होती.

"वन्सं, घरात म्हाईत हाय का?" यंत्र थांबल्यावर आईने विचारले.

"संस्कृतीला म्हाईत हाय. सुनंला म्हाईत न्हाय, व्याह्यांना न्हाय. कळल्यावर काय करत्याल ते बी ठावं न्हाय. लगीन मोडत्याल बी." आत्याने दळलेल्या हळदीचे गाठोडे काखेत घेतले आणि दारात जाऊन थांबली. "प्रगते, लपून लावलेली हळद मला नगं. कनगीमागं लई दिस काढलं. तू ह्ये बी लिव्ह. आन् ह्या बारीला माझं नाव घाल."

ती उन्हात निघून गेली. आई काही बोलली नाही. नेहमीच्या आवाजात, नको गं बाळा, तुझी नोकरी, एवढे तिला म्हणता आले असते. प्रगती त्याची वाटही बघत होती. आईने झाडू उचलला आणि प्रगतीकडे पाठ करून उरलेली जाळी झाडायला घेतली.

सोमवार परवावर आला होता. कोऱ्हाळ्याची शाळा, योगीराजची काकुळत, जूनची ऑर्डर, सगळे तिला स्पष्ट दिसत होते. त्याहून स्पष्ट दिसत होत्या त्या यंत्रात गेलेल्या दोन मुठी. ते तिने डोळ्यांनी पाहिले होते.

तिने मोबाइल घेतला. काचेवर बोटांचे पिवळे ठसे उमटत गेले. पहिला शब्द तिने लिहिला, 'प्रयागबाई'.